पित्ताशयातला खडा वाट सोडतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं

मागच्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांवर लिहिलं होतं, त्यात मुख्य दोनच गोष्टी होत्या. खडे असणाऱ्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काही होत नाही, आणि ज्यांना एकदा का दुखायला लागलं त्यांनी ऑपरेशन वर्षानुवर्षं ढकलू नये. त्यावर भरपूर प्रश्न आले. पथ्य काय, टाके कधी काढतात, कामावर कधी जायचं हे नेहमीचे होतेच, पण या वेळी बरीच पत्रं अशी होती की त्यातला आजार आम्हा सर्जन लोकांनाही क्वचित बघायला मिळतो. आणि जवळपास प्रत्येक पत्रात एक राग होता की आम्हाला कुणी नीट समजावून सांगितलंच नाही. तो राग मला पटतो. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देतोय. नावं-गावं काढून टाकलीत, पत्रं लांब होती ती छोटी केलीत.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या आईचं वय ६१. दोन वर्षांपासून जेवणानंतर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायचं, आम्ही आपलं पित्त उसळलंय म्हणून गोळ्या देत होतो. दिवाळीनंतर कावीळ झाली. आधी गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यात दोन आठवडे गेले, मग सोनोग्राफी केली तर खडे आहेत, यकृतातल्या नळ्या फुगल्यात आणि 'गाठ असू शकते' असं लिहून आलं. सीए १९-९ नावाची रक्ताची टेस्ट केली ती चारशेच्या वर. घरात रडारड सुरू झाली. मग मोठ्या हॉस्पिटलात एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करून 'मिरिझी सिंड्रोम, टाइप दोन' म्हणाले, आणि आधी पित्तनळीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला, ऑपरेशन नंतर. हा कॅन्सर आहे की नाही? आणि स्टेंट कशाला, सरळ ऑपरेशन का नाही केलं?

उत्तर : ताई, आधी हे वाचा की मिरिझी म्हणजे कॅन्सर नाही. तो खड्याचाच उद्योग आहे, फक्त खडा चुकीच्या जागी जाऊन बसलाय.

पित्ताशयाच्या मानेजवळ एक छोटा खिसा असतो, मोठा खडा तिथे जाऊन अडकतो आणि निघत नाही. त्याच्या अगदी लागून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनळी जाते. खडा महिनोन् महिने तिथेच बसला, मधूनमधून सूज येत राहिली, की पित्ताशय त्या नळीला चिकटतं आणि खडा बाहेरून नळी दाबायला लागतो, म्हणजे नळीत खडा नसतानाही कावीळ होते. हा झाला टाइप एक. आणखी वेळ गेला तर खडा दोघांच्या मधली भिंत झिजवून नळीला भोक पाडतो. भोक नळीच्या घेराच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर टाइप दोन, दोन तृतीयांशापर्यंत असेल तर तीन, आणि नळीची भिंत पूर्णच गेली असेल तर चार. ही वर्गवारी चिलीतल्या सेंडेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केली, नंतर आतड्याला वाट झाली असेल तर पाचवा टाइप म्हणून त्यात भर पडली. चिलीत पित्ताशयातल्या खड्यांचं प्रमाणच खूप आहे म्हणून त्यांना एवढ्या केसेस बघायला मिळाल्या. आजाराला नाव आहे ते अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरातले सर्जन पाब्लो मिरिझी यांचं, त्यांनी १९४८ मध्ये हे लिहिलं. त्याच मिरिझींनी १९३१ मध्ये ऑपरेशन चालू असताना टेबलावरच पित्तनळीत औषध सोडून एक्स-रे काढायची पद्धत सुरू केली आणि आजसुद्धा अशा अवघड केसमध्ये आम्ही तेच करतो.

आता सीए १९-९. कॅन्सरचा संशय असला की करतात त्या या टेस्टमुळे किती घरं विनाकारण हादरलीत ते मी बघितलंय. पित्त अडलं, कावीळ झाली, नळीत इन्फेक्शन झालं की हा आकडा नुसत्या खड्यानेसुद्धा शेकड्यांत जातो. स्टेंट टाकून कावीळ उतरल्यावर टेस्ट परत करा, आकडा झपाट्याने खाली आला तर जीवात जीव येईल. पण मी 'कॅन्सर नाहीच' असं छातीठोकपणे लिहिणार नाही, कारण पित्ताशयाचा कॅन्सर स्कॅनवर अगदी असाच दिसू शकतो आणि कधी कधी दोन्ही एकत्रही सापडतात. भारतात हा कॅन्सर उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगेकाठच्या पट्ट्यात जास्त आहे, आपल्याकडे त्या मानाने कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही. म्हणून सर्जनला आधीच विचारा की ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शनची सोय आहे का, म्हणजे तुकडा लगेच पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि पेशंट टेबलावर असतानाच प्राथमिक उत्तर मिळतं.

स्टेंट आधी टाकला हे बरोबरच केलं. कावीळ चढलेली असताना रक्त गोठायची ताकद कमी होते, इन्फेक्शनचा धोका असतो, किडनीवर ताण येतो. ईआरसीपीने म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट ठेवला की पित्त वाहायला लागतं, आई खायला-प्यायला लागते, अंगात ताकद येते. आणि आणखी एक फायदा जो नातेवाइकांना कुणी सांगत नाही, तो म्हणजे ऑपरेशनमध्ये सगळं एकमेकांना चिकटलेलं असताना हाताला तो स्टेंट लागतो आणि मुख्य नळी कुठे आहे ते कळतं.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात तेही सांगतो म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. नेहमीच्या केसमध्ये आपण मानेपासून सुरू करतो, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी सुटी करून क्लिप मारून कापतो. इथे मानेजवळ जायचंच नाही, तिथे सिमेंट ओतल्यासारखं झालेलं असतं आणि जे पित्ताशयाची नळी वाटतं ती मुख्य नळी असू शकते. म्हणून पित्ताशय वरच्या टोकाला उघडायचं, आतले खडे काढायचे, शेवटी तो मानेतला अडकलेला मोठा खडा हळूच सैल करून बाहेर घ्यायचा. खडा निघाला आणि त्याच्या मागून स्वच्छ सोनेरी पित्त भसकन आलं की समजायचं, नळीला भोक आहे. कारण मान बंद असलेल्या पित्ताशयात नुसता पांढरट चिकट स्राव किंवा पू असतो, ताजं पित्त येणार कुठून. मग पित्ताशयाचा काठ थोडा मुद्दाम शिल्लक ठेवून त्यानेच ते भोक शिवून घेतात, काही वेळा नळीत टी आकाराची रबरी नळी काही आठवडे ठेवतात. भोक मोठं असेल, टाइप तीन-चार, तर लहान आतड्याचा भाग वर आणून पित्तनळीला जोडावा लागतो, ते मोठं ऑपरेशन आहे आणि ते ज्यांचा हात त्या कामात बसलाय त्यांनीच करावं.

दुर्बिणीने, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून, होईल का असं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. टाइप एकला अनुभवी हातात होतं. दोनपासून पुढे पोट उघडून करणं हाच अजूनही बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा मार्ग आहे.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे, शुगर आहे. चार-पाच दिवस उलट्या, पोट फुगलेलं, मग एक दिवस आपोआप बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी परत चालू. जवळच्या दवाखान्यात गॅसवर इंजेक्शन आणि सलाईन चाललं होतं. शेवटी तालुक्याला नेऊन सीटी केलं तर आतड्यात खडा अडकलाय म्हणाले, साडेतीन सेंटीमीटरचा, आणि तो पित्ताशयातून आलाय. रात्रीच ऑपरेशन केलं, खडा काढला. पण पित्ताशय तसंच ठेवलं आणि पित्ताशय-आतड्यामधली वाटही तशीच ठेवली! आम्ही विचारलं तर 'आत्ता गरज नाही' म्हणाले. हे अर्धवट ऑपरेशन नाही का झालं? पैसे पूर्ण घेतले.

उत्तर : दादा, तुमच्या जागी मी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता. पण माझं स्पष्ट मत आहे की त्या सर्जननी त्या रात्री तुमच्या वडिलांसाठी योग्य तेच केलं.

आधी खडा तिथे गेला कसा. पित्ताशयाला लागूनच लहान आतड्याचा पहिला भाग असतो. मोठा खडा, वारंवार सूज, पित्ताशय आतड्याला चिकटतं आणि खडा दोन्ही भिंती झिजवत आतड्यात उतरतो. छोटा असेल तर शौचातून निघून जातो, घरच्यांना पत्ताही लागत नाही. साधारण अडीच सेंटीमीटरच्या वर असेल तर कुठेतरी अडकतो, आणि बहुतेक वेळा लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं त्याच्या थोडं अलीकडे, कारण तिथे आतडं सगळ्यात अरुंद असतं. तिथे पोचेपर्यंत तो मध्ये मध्ये अडकतो, सुटतो, पुढे सरकतो, परत अडकतो. तुमच्या वडिलांना मधे एक दिवस बरं वाटलं ना, ते यामुळेच. आणि नेमक्या या लपंडावामुळे निदानाला उशीर होतो, पेशंट बहुतेक सत्तरीचे, उलटी थांबली की घरचेही म्हणतात बरं झालं आणि डॉक्टरही थांबतात.

हा आजार नवा अजिबात नाही. १६५४ मध्ये डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिन यांनी शवविच्छेदनात पहिल्यांदा नोंदवला. १८९० मध्ये कूर्वाझिए या स्विस सर्जननी १३१ केसेस गोळा केल्या तेव्हा निम्म्याच्या जवळपास पेशंट दगावत होते. १९४१ मध्ये रिगलर या रेडिऑलॉजिस्टनी साध्या एक्स-रेवरच्या खुणा सांगितल्या : आतडं फुगलेलं, पित्ताच्या नळ्यांमध्ये हवा, आणि खडा भलत्याच जागी. यातली पित्तनळ्यांतली हवा ही खूण फार मोलाची. आधी ईआरसीपी किंवा पित्तनळीवर काही ऑपरेशन झालेलं नसेल तर यकृतात हवा असायचं काही कारणच नाही, ती दिसली म्हणजे आतडं आणि पित्ताशय यांच्यात वाट झाली असा संशय लगेच घ्यायचा. पण एक्स-रेत तिन्ही गोष्टी एकत्र क्वचित दिसतात, खडे बरेचदा एक्स-रेवर उमटतच नाहीत, म्हणून आता सीटी. तो तालुक्याला झाला हे वडिलांचं नशीब.

ऑपरेशन असं असतं. पोट उघडून लहान आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात घेत घेत चाचपायचं, खडा लागला की त्याच जागी कापायचं नाही कारण तिथली भिंत दाबून सुजलेली असते, खडा बोटांनी हलक्या हाताने थोडा मागे चांगल्या आतड्यात सरकवायचा, तिथे उभा छेद घेऊन काढायचा आणि छेद आडवा शिवायचा, म्हणजे आतडं अरुंद होत नाही. मग परत सगळं आतडं चाचपायचं. काढलेल्या खड्याला घासून सपाट झालेली बाजू दिसली तर त्याचा जोडीदार कुठेतरी आहे असं धरून शोधायचं. एवढं झालं की बंद.

पित्ताशय आणि ती वाट तिथेच सोडायचं कारण सरळ आहे. ७६ वय, शुगर, पाच दिवस उलट्या होऊन शरीर सुकलेलं, क्षार बिघडलेले, अशा माणसाला भुलेखाली आणखी दोन-तीन तास ठेवून त्या चिकटलेल्या जागेत हात घालायचा म्हणजे खड्यातून वाचलेला माणूस ऑपरेशनने गमवायचा. १९९४ मध्ये १००१ केसेसचा एकत्र आढावा छापून आला होता, त्यात नुसता खडा काढलेल्यांपैकी ११.७ टक्के दगावले आणि सगळं एकाच वेळी केलेल्यांपैकी १६.९ टक्के. यावर सर्जन लोकांत अजून वाद आहे, तब्येत ठणठणीत असलेल्या पेशंटला एकदम सगळं करावं असं म्हणणारेही आहेत, पण तुमच्या वडिलांसारख्या पेशंटबद्दल फारसा वाद नाही.

आणि राहिलेल्या पित्ताशयाचं काय? पुष्कळदा त्यात खडा उरलेलाच नसतो आणि ती वाट हळूहळू आपोआप बंद होते. शंभरातल्या पाच-सात जणांना परत खडा अडकायचा त्रास होतो, बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांत. म्हणून दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्या. पित्ताशयात अजून मोठा खडा असेल किंवा ताप-थंडी, दुखणं चालू राहिलं तर तेव्हा ठरवून, तब्येत सुधारल्यावर पित्ताशय काढता येतं. पोट फुगून उलट्या पुन्हा सुरू झाल्या आणि शौचाला किंवा वारा सरायला अडचण आली तर मात्र गॅसची गोळी देऊ नका, त्याच दिवशी त्याच डॉक्टरांकडे जा आणि जुना सीटी सोबत न्या.

पैशाबद्दल एकच सांगतो. पुढे दुसरं ऑपरेशन लागलंच तर आधी महात्मा फुले योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

प्रश्न : मी सिस्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. आमच्याकडे एक आजी जेवलं की उलटी म्हणून आल्या, नाकातून नळी टाकली तर दोन लिटर निघालं. एंडोस्कोपीत जठराच्या पुढे खडा दिसला आणि सर 'बूव्हरे' म्हणाले. हा वरच्यासारखाच प्रकार का?

उत्तर : हो सिस्टर, जातकुळी तीच. फरक एवढाच की खडा खाली न जाता जठराच्या तोंडाशीच, लहान आतड्याच्या पहिल्या भागात अडकला, म्हणून आजींना पोट फुगण्यापेक्षा उलट्याच जास्त. ल्योंचे डॉक्टर लिओन बूव्हरे यांनी १८९६ मध्ये अशा दोन केसेस लिहिल्या. इथे आधी तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतूनच खडा पकडून किंवा फोडून काढायचा प्रयत्न करतात कारण पेशंट म्हातारे आणि थकलेले असतात, पण मोठा खडा कडक असतो, बरेचदा जमत नाही. फोडला तर तुकडे पुढे जाऊन खाली अडकू शकतात, त्यामुळे नंतरचे काही दिवस आजींचं पोट फुगतंय का, वारा सरतोय का हे तुम्हीच बघायचंय. नाही जमलं तर जठर उघडून खडा मागे जठरात सरकवून काढतात. आणि नळीतून दोन लिटर निघालं म्हणजे पोटॅशियम किती ते ऑपरेशनच्या आधी बघितलं गेलं पाहिजे, त्यासाठी तुम्ही डॉक्टरांच्या मागे लागलात तर चांगलंच आहे.

प्रश्न : माझं वय ४४. दुर्बिणीने करतो म्हणून नेलं, शुद्धीवर आले तर पोटावर मोठी पट्टी. वर डॉक्टर म्हणतात पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवलाय. आता आठवा दिवस आहे, ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत रोज दीडशे मिली हिरवट पाणी येतं. बहीण म्हणते केस कर. मला झोप लागत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला झोप येत नाही हे वाचून वाईट वाटलं. ऑपरेशनच्या आधी कुणीतरी दहा मिनिटं बसून 'असंही होऊ शकतं' हे सांगायला हवं होतं आणि ते झालं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे. नुसती सही घेणं म्हणजे समजावणं नव्हे. पण जे केलं ते चूक होतं का, तर तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही वाटत.

पित्ताशय दुर्बिणीने काढायची सुरुवात भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली आणि तेव्हापासून हे ऑपरेशन इतकं सरावाचं झालंय की लोकांना वाटतं दुर्बीण म्हणजे यश आणि पोट उघडणं म्हणजे फसलं. आमच्यातल्या काही लोकांनासुद्धा तसं वाटतं आणि तिथेच घात होतो. या ऑपरेशनमधली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मुख्य पित्तनळी कापली जाणं, हे साधारण हजारात तीन ते पाच वेळा होतं, आणि झालं की पेशंटची पुढची कित्येक वर्षं हॉस्पिटलात जातात. ते टाळायला स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये एक नियम मांडला. पित्ताशयाच्या मानेजवळचा त्रिकोण पूर्ण साफ दिसला पाहिजे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटला पाहिजे आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. हे तिन्ही दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही.

तुमच्या पोटात ते दिसलं नसणार. मग सर्जनपुढे दोनच रस्ते होते, अंदाजाने कापणं किंवा थांबणं. त्यांनी पोट उघडलं, तरीही मानेशी जाणं धोक्याचं वाटलं म्हणून खडे काढून पित्ताशयाचा वरचा भाग काढला आणि मानेकडचा थोडा ठेवला. मला अशा जागी थांबणाऱ्या सर्जनबद्दल आदर आहे.

आता ते हिरवट पाणी. ते पित्त आहे, ठेवलेल्या भागातून झिरपतंय, आणि याची कल्पना असल्यामुळेच ड्रेन ठेवलाय. रोज किती येतं ते वहीत लिहा. बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होत बंद होतं. कमी होत नसेल तर ईआरसीपी करून स्टेंट टाकतात, मग पित्ताला सोपी वाट मिळते आणि गळती थांबते. ताप आला, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, किंवा ड्रेनमध्ये येणं अचानक एकदम बंद होऊन पोटात दुखायला लागलं, तर लगेच जा. रात्र असली तरी जा.

सर्जनना भेटून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : किती भाग ठेवलाय, त्याचं तोंड शिवून बंद केलंय की उघडं आहे, आणि पोटात खडा सांडला का. तोंड बंद केलेलं असेल तर त्या उरलेल्या छोट्या पिशवीत काही वर्षांनी परत खडा होऊ शकतो. उघडं असेल तर आत्ता गळती जास्त पण पुढे ती भीती कमी. आणि खडा सांडून राहिला असेल तर क्वचित काही महिन्यांनी, कधी कधी तर वर्षांनी यकृताजवळ पू होतो आणि तेव्हा नवीन डॉक्टरला कळतच नाही की हा पू आला कुठून. हा कागद फाइलीत जपून ठेवा.

प्रश्न : मला काहीच त्रास नाही, हेल्थ चेकअपमध्ये १२ मिलिमीटरचा एक खडा निघाला. तुमचा लेख वाचला, व्हॉट्सॲपवर आतड्यात खडा गेलेल्या बाईचा व्हिडिओ पण बघितला. उद्याच काढून टाकू का? शिवाय एक जण म्हणाले ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू घेतलं की खडे पडतात.

उत्तर : उद्या काढायची काही गरज नाही. त्रास नसलेल्या शंभर लोकांमध्ये वर्षाला एक-दोन जणांना त्रास सुरू होतो, आणि तोसुद्धा बहुतेक वेळा साध्या दुखण्याने सुरू होतो. वर लिहिलेले आजार त्याहूनही कितीतरी दुर्मिळ, आणि ते बहुतेक वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेल्यांमध्ये दिसतात. खडा तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलं असेल किंवा खड्यासोबत एक सेंटीमीटरपेक्षा मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवर आलेला कोंब) असेल, तर त्रास नसतानाही सर्जनशी बोलून घ्या. तुमचं त्यातलं काही नाही. जेवणानंतर उजवीकडे किंवा छातीखाली मध्यभागी अर्धा-एक तास टिकणारं, पाठीत किंवा खांद्यात जाणारं दुखणं आलं तर या, आणि एक ईसीजी पण काढून घ्या, कारण हार्टचं दुखणंही कधी कधी इथेच जाणवतं.

ऑलिव्ह ऑइलबद्दल : शौचातून जे हिरवे मऊ गोळे पडतात ते तेलाचाच पोटात झालेला साबण असतो. असे गोळे लॅबमध्ये तपासले गेलेत आणि त्यात पित्तखड्यातले घटक सापडले नाहीत. सोनोग्राफी परत केली की खडा जागेवरच असतो. ज्यांना शुगर आहे, वय झालंय त्यांनी तर हा उपाशीपोटी तेल पिण्याचा प्रकार अजिबात करू नये.

प्रश्न : मिसेसचं ऑपरेशन झालं, पित्ताशय आणि खडे प्लास्टिकच्या बरणीत घालून आमच्या हातात दिले, लॅबमध्ये द्या म्हणाले. डिस्चार्जच्या गडबडीत राहिलं, बरणी घरी कपाटावर आहे, तीन आठवडे झाले. आता त्यांना बरं आहे. टाकून देऊ का?

उत्तर : टाकू नका, आजच लॅबमध्ये द्या. वरून साधं दिसणाऱ्या पित्ताशयात क्वचित कॅन्सर सापडतो आणि तो फक्त या तपासणीतच कळतो, सुरुवातीचा असेल तर तेवढ्यावर बराही होतो. बरणीतलं पाणी उग्र वासाचं असेल तर ते फॉर्मलिन, नमुना टिकवणारं औषध, म्हणजे नमुना अजून तपासण्यासारखा असणार. झाकण उघडून वास घेत बसू नका, डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा की फॉर्मलिन घातलं होतं की नुसतं सलाईन, आणि सलाईन असलं तरीही घेऊन जा, काय दिसतं ते पॅथॉलॉजिस्टना ठरवू दे. बरणीवर मिसेसचं नाव, वय आणि ऑपरेशनची तारीख लिहा, सोबत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स द्या. रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो. तो लॅबमध्ये पडून राहू देऊ नका, सर्जनना नेऊन दाखवा आणि त्यांनी वाचल्यावरच फाइलीत लावा.